पाठ लावून बस

“खांड हाय रे, खांड हाय!”

आईची ती हाक निकेतच्या कानात अजून जशीच्या तशी आहे. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. कोजागिरीचं उधाण, भर दुपार, शेतात भात पिवळं होऊन कापणीला आलेलं. गोदू, त्याची आई, खाडीत चिंबोऱ्या धरायला गेली होती. परतताना तिला बांधाच्या अंगातून पाणी झिरपताना दिसलं. आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं, मग बांधाचा तुकडाच खचला आणि खाडीला वाट मिळाली. खाडीकाठच्या या खारेपाटात बांधाच्या अशा तुटीला खांड म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथं रोप जीव धरत नाही. गोदूनं चिंबोऱ्यांची टोपली भिरकावली, खाडीकडे पाठ करून त्या खांडीत बसली, पाय मातीत रोवले आणि हाक दिली.

गाव धावलं. कुणी घमेलं घेऊन, कुणी पेंढ्याची भारी घेऊन, कुणी नुसत्या हातांनी. शेजारची बायजाकाकू बारशाला निघाली होती, ती नव्या कोऱ्या लुगड्यानिशी चिखलात उतरली, आणि त्या लुगड्यावरून ती गोदूला आजही टोमणे मारते. चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात जात राहिले. खाडीनं दयारामचं, म्हणजे निकेतच्या बापाचं, एकच शेत चाटलं. बाकीच्या गावाचं भात वाचलं.

अशा वेळी सगळ्यांनी मिळून बांध राखायची जी रीत, तिला इथं जोळ म्हणतात. जोळीला बोलावणं लागत नाही. हाक ऐकू आली की निघायचं.

पुढं काही वर्षांनी शेजारच्या गावात दिनानाथ पास्टर प्रार्थना घ्यायला येऊ लागले. गोदू एकदा शेजारणीच्या सोबतीनं सहज गेली. पास्टर शास्त्रातून खिंडारात उभं राहणाऱ्याविषयी वाचत होते. गोदूला शब्द कळला नाही. तिनं मधेच विचारलं, खिंडार म्हंजी काय वो? पास्टरांनी सांगितलं, भिंत फुटून पडलेली मोकळी जागा, तिथून शत्रू आत येतो. गोदू म्हणाली, “म्हंजी खांड. तुमचा देव खांडीत बसनारा हाय तर.”

पास्टर आजही म्हणतात, इतकी वर्षं उपदेश केला, पण तो त्या बाईनं एका वाक्यात केला तेवढा काही मला जमला नाही. गोदू मात्र त्या दिवसापासून येशूची झाली. मागून दयाराम झाला, निकेत झाला. आणि तांदूळ निवडताना तिच्या तोंडी नवी ओवी आली:

उधाण आलं बाई, बांधाला पडं खांड,
पाठ लावून बसला येशू माजा अखंड.

निकेत या ओवीवर मोठा झाला. रविवारी प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीत ढोलकी वाजवायला लागला. नागावच्या एका होमस्टेत बुकिंगचं काम मिळालं. मुरुडच्या कल्पिताशी लग्न झालं, शिवानी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला बांध कसा साबूत दिसत होता.

आत बीळ होतं. कॉलेजात असल्यापासूनचं. कुणीतरी फोनवर दाखवलेला एक व्हिडिओ, मग स्वतःहून शोधलेला, मग रोजचा. उघड्या बायकांची ती चित्रं त्याला आवडायची म्हणून तो पाहत होता, असंही पुढं पुढं राहिलं नाही. कंटाळा आला की, राग आला की, बुकिंग रद्द झालं की, काहीच झालं नाही की, हात फोनकडे जायचा. रविवारी ढोलकीवर हात पडायचे तेव्हा त्याला स्वतःच्याच हातांची शिसारी यायची. त्यानं उपास केले. शपथा घेतल्या. फोन बदलला, नंबर बदलला, सगळं पुसून टाकलं, आठवडाभर हलकं वाटलं, की पुन्हा तेच. कल्पिताला दोनदा काहीतरी सापडलं. एकदा तो म्हणाला जाहिरात आपोआप उघडली, एकदा म्हणाला कुणा गिऱ्हाईकानं फोन मागून घेतला होता. तिनं विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं. ती त्याला नावानं हाक मारायची, अगदी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. बायजाकाकूला ते खपायचं नाही. काकू म्हणायची, नवऱ्याचं नाव काय शेंगदाने हायत, येता-जाता तोंडात टाकाया? कल्पिता हसायची आणि मुद्दाम मोठ्यानं हाक द्यायची, निकेत, ए निकेत.

दयाराम गेल्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी गोदू अंगणात बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत होती. निकेत पायरीवर बसला होता. तो बारीक झाला होता, जेवत नव्हता, ढोलकीला हात लावत नव्हता. गोदूनं त्याला काही विचारलं नाही. नांगी मोडता मोडता ती एकदम म्हणाली की ती खांड तुझ्या बापामुळं पडली होती.

निकेतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

गोदू सांगत गेली. प्रत्येक घराकडे बांधाचा एकेक तुकडा राखायला असतो. दयारामच्या तुकड्यात चिंबोरीनं बीळ केलं होतं. ते त्याला पंधरवडा आधी दिसलं होतं. पण गावाला सांगायचं म्हणजे लोक म्हणणार, झोपला व्हतास काय रं दयाराम? म्हणून त्यानं एकट्यानंच शेताच्या बाजूनं तोंडाला गवत कोंबलं, वरून माती थापली, पायानं चोपून गुळगुळीत केली. बघणाऱ्याला काही दिसेना. खाडीच्या बाजूचं तोंड मात्र उघडंच होतं. दर भरतीला पाणी आत शिरायचं, त्याला पलीकडं वाट नसायची, मग ते आतल्या आत माती खात बसायचं.

“वरना बांध चांगला, आतना पोकल,” गोदू म्हणाली. “बाला, बील असं बुजत न्हाय. आधी उघडं करावं लागतं. तलापर्यंत खनावं लागतं. तवा ते दिसतं क्येवढं मोठं, मानसाला लाज वाटते. मंग खालना चिखल भरत वर यावं लागतं. आनि ते येकट्याचं काम न्हाय.”

निकेतनं विचारलं, गावाला कळलं का?

“समद्यांना कललं. कुनी इचारलं न्हाय. चिखल घेऊन आलते, त्यांचे हात रिकामे कुठं व्हते बोट दाखवाया.” तिनं नांगी पातेल्यात टाकली. “तुजा बापूस त्या सांजला माज्यासमोर रडला. मी ह्ये कवा कुनाला बोल्ले न्हाय. तुला बोल्ले. तुजं काय हाय ते मना म्हाईत न्हाय, आनि मना सांगायाचं तर सांगू बी नको. पन कुनालातरी सांग.”

निकेत त्याच संध्याकाळी दिनानाथ पास्टरांकडे गेला. पास्टर परसात केळीला पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. निकेतला वाटलं होतं, आता ढोलकी काढून घेतील, मंडळीसमोर उभं करतील. पास्टर म्हणाले, “हे व्यसन आहे, निकेत. दारूला वास येतो, याला येत नाही, म्हणून हे जास्त दिवस लपतं. येशू तुझ्यावर चिडून दाराबाहेर उभा नाही. तू दार लावून घेतलंस, तेव्हा तो आतच होता.”

मग त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. अलिबागला एक समुपदेशक बाई होत्या, त्यांच्याकडे जायचं. मंडळीतल्या सुजितला बरोबर घ्यायचं. सुजित बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर चालवायचा, याच खड्ड्यातून वर येत होता, आणि ते निकेतला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. कल्पिताला सगळं सांगायचं, तिनं विचारायच्या आधी.

त्यानं सांगितलं. जाहिरातीचं खोटं, गिऱ्हाईकाचं खोटं, कॉलेजापासूनचं सगळं. कल्पिता भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं एकच विचारलं.

“शिवानी झाली, मी दवाखान्यात होते, तेव्हापण?”

तो हो म्हणाला. हो म्हणण्यावाचून आता काही उरलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी शिवानीला घेऊन एसटीनं मुरुडला माहेरी गेली. गोदूनं तिला अडवलं नाही. फाटकापर्यंत सोडायला गेली, पिशवीत तांदूळ घातले, आणि म्हणाली की तू आलीस तर हे घर तुझं, नाही आलीस तरी तुझं.

मुरुडला पास्टरांची बायको किशोरी तिला भेटायला जायची. कल्पिता पहिल्या वेळी दारातच म्हणाली, परत जा असं सांगायला आल्या असाल तर बसू नका. किशोरी म्हणाली, मी चहा प्यायला आलेय, आणि नारळवाडी बघायला. त्या दोघी वाडीत बसायच्या. कधी कल्पिता बोलायची, कधी रडायची, कधी नुसती शिवानीच्या वेण्या घालायची. आपण सुंदर नव्हतो का, आपण कमी पडलो का, हा प्रश्न तिला सुटत नव्हता. किशोरीनं तो पुन्हा पुन्हा ऐकला आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की त्याचं बीळ तुझ्या येण्याआधीचं आहे, त्यात तुझी माती कुठंच नाही.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला कल्पिता परतली. शिवानीची शाळा इथली, हे कारण पुरलं. पण निकेत हे नाव जणू ती मुरुडलाच ठेवून आली होती. पप्पांना सांग पाणी आलं. पप्पांना विचार डबा हवा का. तो समोर बसलेला असायचा आणि शिवानी बिचारी दोघांमध्ये निरोप नेत असायची, सुरुवातीला खेळ समजून, नंतर कंटाळून. निकेतला आधी वाटलं, चार दिवसांत जाईल. मग त्याला कळलं की ते नाव मागून मिळणारं नाही. त्या नावाच्या माणसावर तिचा विश्वास होता. तो माणूस नव्हताच, असं तिला कळलं होतं. मग ती हाक कुणाला मारणार?

तो रोज रात्री प्रार्थनेत बायको परत दे असं म्हणायचं सोडून एवढंच म्हणायला लागला की, तिला हाक मारता येईल असा माणूस मला कर.

दर मंगळवारी संध्याकाळी पास्टरांच्या परसात तिघं बसायचे. सुजितनं या बैठकीचं नाव जोळ ठेवलं. निकेतनं स्वतःसाठी बटणाचा साधा फोन घेतला होता, होमस्टेचा मोठा फोन काउंटरवरच राहायचा. सुजित त्या फोनकडे बघून म्हणायचा, हा फोन चोरानं चोरला तरी दोन दिवसांनी आणून देईल. हसणं व्हायचं, मग खरं बोलणं व्हायचं. या आठवड्यात कुठं पाणी झिरपलं, कुठली वेळ वाईट होती, कोण कुणाशी खोटं बोललं. शेवटी प्रार्थना. त्यांनी एक ठरवून घेतलं होतं. मोह अंगावर आला, किंवा पाय घसरलाच, तर लांबण लावायची नाही. फोन करून दोन शब्द बोलायचे, खांड हाय. पलीकडच्यानं कुठल्याही कामात असला तरी एकच उत्तर द्यायचं, पाठ लावून बस, येतो.

पाय घसरला. नाताळानंतरच्या आठवड्यात नागावात पर्यटकांची झुंबड होती. मालक बाहेर, खोल्या भरलेल्या, सकाळपासून दोन भांडणं मिटवलेली. दुपारी सगळी किनाऱ्यावर गेली आणि काउंटरवर तो एकटा, समोर तो मोठा फोन. इतके महिने कोरडा राहिलेला बांध, आणि थोड्याच वेळात सगळं वाहून गेल्यासारखं झालं. आधी सवयीनं हात पुसायला धावला. इतिहास पुसायचा, तोंड धुवायचं, कुणाला कळणार होतं? गवत कोंबायचं, माती थापायची, पायानं चोपायची. त्याला एकदम बाप दिसला, बांधावर वाकलेला, इकडंतिकडं बघत माती थापणारा.

त्यानं बटणाचा फोन उचलला.

“खांड हाय,” तो म्हणाला.

सुजित कुठंतरी पनवेलच्या बाजूला होता, मागं हॉर्न वाजत होते. “पाठ लावून बस, येतो,” तो म्हणाला आणि त्यानं पास्टरांना फोन केला. पास्टर स्कूटरवरून आले, काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसले आणि पर्यटकांना खोल्यांच्या चाव्या देत राहिले, जणू त्यांचा हाच धंदा. एका बाईनं त्यांच्याकडे जास्तीची उशी मागितली, तीही त्यांनी शोधून दिली. संध्याकाळी सुजित ट्रेलर कंपनीत लावून आला तो थेट तिथं. कुणी उपदेश केला नाही. सुजितनं वडापाव आणले होते, ते गार झाले होते, तिघांनी तसेच खाल्ले.

निकेत घरी पोचला तेव्हा कल्पिता ओट्याशी कांदा चिरत होती. गोदू शिवानीला घेऊन शेजारी गेली होती. त्यानं बूटही काढले नाहीत. उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, आज दुपारी घडलं, सुजितला सांगितलं, पास्टर आले होते, आता तुला सांगतोय.

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. तिचे डोळे कांद्यानं लाल होते की कशानं, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

सकाळी तो निघाला तेव्हा शिवानी अजून झोपलेली होती. निरोप न्यायला कुणी नव्हतं. कल्पितानं डबा त्याच्यासमोर धरला.

“डबा घे,” ती म्हणाली.

नागावपर्यंत तो मोटरसायकलवर रडत गेला. दोनच शब्द होते, पण सरळ त्याच्याकडे आले होते. पुढं किशोरीकडून त्याला कळलं की त्या आठवड्यात कल्पिता तिच्याकडे जाऊन बसली होती. म्हणाली होती, मला दुखलं, खूप दुखलं. पण वर्षानुवर्षं लपवलेलं एकदा सांगणं वेगळं आणि आजचं आज सांगणं वेगळं. यावेळी मला शोधावं लागलं नाही.

उन्हाळा आला. पावसाआधी गाव एक दिवस बांधावर हातानं काम करतं. हल्ली मोठी डागडुजी पोकलेन करतं, पण पोकलेनला चिंबोरीचं बीळ दिसत नाही, त्याला माणसाचा डोळा लागतो. हिंदू घरं, मंडळीतली घरं, सगळी त्या दिवशी एकाच रांगेत. निकेतच्या वाट्याला बापाचाच तुकडा होता. त्याला एक बीळ सापडलं, चांगलं हातभर खोल. त्यानं मागंपुढं न पाहता हाक दिली. पोरं हसली, झोपला व्हतास काय रं? निकेतही हसला आणि म्हणाला, व्हय, या आता उठवाया. सगळे मिळून बीळ खणायला लागले. सुजितही सुट्टी काढून आला होता. चिखलाचा पहिला गोळा त्यानं तळाशी दाबला.

गोदूला आता वाकवत नाही. ती बांधावर ताडपत्रीच्या सावलीत बसून गात होती:

कुनाची गो माती, कुनाचा गो हात,
खाऱ्या तोंडामधून वाचला माजा भात.

दुपारी जेवणं निघाली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. बायका एका बाजूला बसल्या, बाप्ये थोडं पलीकडं. प्रणाली नावाची नवी सून होती, तिला सगळ्यांनी धरलं, नाव घे. तिनं फोनवर वाचून पाठ केलेला चांदीच्या ताटाचा उखाणा घडाघडा म्हटला. बायजाकाकू म्हणाली, ताट चांदीचं, आनि भाकरी खातेस पानावर. हशा पिकला. मग काकूनं मान वळवली.

“कल्पिते, तू घे.”

कल्पिता म्हणाली, मला येत नाही.

“येत न्हाय कसं? आधी तर कोंबड्याच्या आधी उठून नाव घ्येत व्हतीस. वरीस झालं, तुज्या तोंडातना निकेत म्हून आयकला न्हाय. तुजा नवरा काय बिननावाचा हाय?”

काकूला काही माहीत नव्हतं. ती थट्टाच करत होती. गोदूनं घाईघाईनं लुगड्याचा विषय काढला, गो बायजे, त्या वक्ताचं तुजं लुगडं अजून हाय काय? पण या खेपेला काकूही त्या विषयाला भुलली नाही. पलीकडे निकेतचा घास हातातच राहिला. त्यानं मान खाली घातली. तो मनातल्या मनात म्हणाला, देवा, तिला नसेल घ्यायचं तर तिला त्रास होऊ देऊ नकोस. आजवर दिलंस ते खूप दिलंस. डबा दिलास, मंगळवार दिलेस, आईची हाक दिलीस.

कल्पिता उठली. तिच्या कोपरापर्यंत चिखल वाळला होता. तिनं आधी दयारामच्या त्या तुकड्याकडे पाहिलं, जिथं खणलेल्या बिळावर ओली, काळी माती अजून चमकत होती. मग निकेतकडे पाहिलं. बायकांना वाटलं, ती शब्द जुळवते आहे. शब्द बहुधा केव्हाचे जुळले होते.

“खांड दिसली की हाक देतो, लपवत नाही पाणी,
येशूच्या कृपेनं निकेतचं नाव घेते, ऐका सगळ्या जणी.”